वल्हं चावणारा नाखवा

"गप बसा. जो तोंड उघडंल त्याला हितंच उतरवीन. मंग जा चालत शारजाला."

नाखवा असा ओरडला तेव्हा बोटीवर कोणीही बोलत नव्हतं. सकाळचे सव्वासहा वाजले होते. दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल क्वैनच्या खाडीत, कांदळवनाला अगदी खेटून बोट उभी होती आणि पाणी इतकं स्थिर होतं की त्यात बघून दाढी करावी. आम्ही चार गिऱ्हाइकं हातात गळ धरून श्वास रोखून बसलो होतो. त्या शांततेत या माणसाचा आवाज असा फुटला की पलीकडच्या उथळ पाण्यात एका पायावर झोपलेले दीड-दोनशे फ्लेमिंगो एकदम उठले. त्यातले निम्मे माझ्या माहितीप्रमाणे थेट इराणला जाऊन उतरले. उरलेल्यांनी आपला दुसरा पाय कुठे ठेवलाय ते शोधलं.

मग त्यानं काय केलं, तर बोटीच्या तळातून एक जुनं सागवानी वल्हं काढलं, त्याचं पातं पाण्यात सोडलं आणि मुठीकडचं टोक दातांत धरलं. कुत्रा हाड धरतो तसं. डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली. माझ्या शेजारचा केरळी सद्गृहस्थ मनातल्या मनात देवाचं नाव घेऊ लागला होता, ते त्याच्या ओठांवरून दिसत होतं. एकाएकी नाखव्यानं दातांतलं वल्हं न सोडता डावीकडे बोट दाखवलं. आम्ही गळ डावीकडे टाकले. पुढच्या दहा मिनिटांत सात करकरे आले.

करकरा म्हणजे अंगावर काळे ठिपके असलेला रुपेरी मासा. इकडचे अरबी लोक त्याला नगरूर म्हणतात. पाण्यातून काढला की दात घासून करकर आवाज करतो, म्हणून आपल्या कोकणात त्याचं नाव करकरा. थव्यानं चरतानासुद्धा तो तशीच कुरकुर करतो. ती पाण्याखाली, आणि नाखवा ती वल्ह्यातून ऐकायचा. हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "साडेतीनशे दिरहॅम, म्हणजे आठ हजार रुपये देऊन तू एका माणसाला लाकूड खाताना बघून आलास."

मी तेव्हा शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी बघायचो. आठवडाभर पांढऱ्या रंगाच्या अकरा छटा तपासून डोळ्यांना काही दिसेनासं व्हायचं, म्हणून शनिवारी समुद्रावर. पहिल्या ट्रिपनंतर मी जवळजवळ दर शनिवारी जाऊ लागलो. पुढे त्याच्या इंग्रजी बुकिंगची उत्तरं मी लिहू लागलो आणि त्या बदल्यात बोटीच्या मागच्या टोकाला मला कायमची जागा मिळाली. मागचंच टोक का, ते आता सांगतो.

नाखव्याच्या बोटीवर चार नियम होते. पहिला, बोलायचं नाही. दुसरा, बोलायचंच असेल तर समोर येऊन बोलायचं. पाठीमागून हाक मारलेली त्याला अजिबात खपायची नाही, तो ढुंकून बघायचा नाही. तिसरा, बोलताना तोंडावरचा फडका खाली आणि गॉगल वर. उन्हापासून वाचायला लोक नाकापर्यंत कापड बांधून येतात, त्यांना तो म्हणायचा, "चोर हाय का तू? तोंड दाखव." आणि चौथा नियम असा की मिशीवाला माणूस मागे बसणार. मला तेव्हा चांगली झुपकेदार मिशी होती.

या नियमांवर आम्हा शनिवारच्या मंडळींत जितकी चर्चा झाली तितकी तिकडे संसदेत होत नसेल. समोर येऊन बोलण्याचा नियम म्हणजे जुन्या गलबतांवरची शिस्त, असं एकाचं मत होतं. पाठीमागून हाक मारलेली अपशकुनी असते, हे दुसऱ्याचं. मिशीबद्दल तर तीन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, मिशीच्या केसांना वास लागतो आणि मासा बिचकतो. दुसरा म्हणे, याच्या सासऱ्याला मिशी असणार. तिसरा पक्ष मी एकटा, आणि माझं म्हणणं होतं की माणूस वेडा आहे. तरी एका शनिवारी मी मिशी कातरून पातळ करून गेलो. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि एक बाक पुढे बसवलं. प्रमोशन मिळाल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता.

तो मूळचा रत्नागिरीकडच्या एका खाडीतल्या गावचा. बाप, आजा, पणजा सगळे दर्यावर्दी. वीस-बाविसाव्या वर्षी इकडे आला आणि पहिली काही वर्षं बंदरात बोटींच्या बुडाला चिकटलेली कालवं खरवडायला पाण्याखाली उतरायचा. मग खलाशी, मग तांडेल, मग या गाइडच्या बोटीचा कप्तान. बोट अरबाबची, म्हणजे मालक एक स्थानिक अरब गृहस्थ, स्वभावानं लाखात एक. वर्षातून दोनदा यायचा, खजूर द्यायचा, बोटीवर हात फिरवायचा आणि जायचा. वल्हं मात्र नाखव्याचं स्वतःचं. आजाच्या होडीतलं. ते तो विमानातून कसं घेऊन आला याची कथा तो दर वेळी वेगळी सांगायचा. एकदा म्हणाला, आजारी नातेवाइकाची काठी म्हणून आणलं. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, नातेवाईक केवढे आहेत? हा म्हणाला, उंच हायत.

थापा तो एवढ्याच मारायचा. माशाच्या बाबतीत मात्र त्याच्याइतका कंजूष माणूस मी पाहिला नाही. जगातला प्रत्येक मासेमार दोन वितींचा मासा हात पसरून दाखवतो. हा उलटा. गिऱ्हाइकानं तीन किलोचा मासा ओढून काढला, फोटो चाललेत, की हा शांतपणे म्हणायचा, "बरा हाय. सव्वा किलो असंल." लोक वजनकाटे घेऊन यायला लागले. आणि लाकडी पट्टीवर माप भरलं नाही तर मासा पाण्यात परत, मग पकडणारा कोणी का असेना. "पोरगं हाय," म्हणायचा, "शाळेत जाऊ दे."

त्याची वाक्यं मी कारखान्यातल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवत असे. "गळ टाकाया कोणबी शिकवंल, थांबाया मी शिकवतो." "मासा भुकेनं लागत नाय, भांडणानं लागतो. दुसऱ्यानं खाऊ नये म्हणून तोंड उघडतो." शेवटचं वाक्य मी आमच्या सेल्स मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून खपवलं आणि टाळ्या घेतल्या. इतका मी प्रामाणिक माणूस आहे.

आता ती फेब्रुवारीतली सकाळ. दुबई मरीनाहून तीन मराठी साहेब आले होते. एक बँकेत, एक इन्शुरन्समध्ये, एक कन्सल्टंट. तिसरा नेमकं काय करतो ते पहिल्या दोघांनाही माहीत नव्हतं. तिघेही गुळगुळीत दाढी केलेले, त्यामुळे पुढे बसले. त्यांनी बरोबर मासे दाखवणारा स्क्रीन आणला होता, अगदी नवीन, पेटीतला. कन्सल्टंट म्हणाला, "नाखवा, धिस इज लाइव्ह डेटा. अंदाजपंचे काम नाही."

नाखव्यानं स्क्रीनकडे पाहिलं. हिरव्या पाण्यात केशरी ठिपके हलत होते.

"ह्यातले करकरे कंचे?"

"ते नाही सांगत. मासा आहे एवढं सांगतं."

"मासा हाय ते मनाबी ठावं हाय. समुद्र हाय हा."

मग त्यानं नेहमीची गर्जना करून सगळ्यांना गप्प केलं, इंजिन बंद केलं, वल्हं पाण्यात सोडलं आणि दातांत धरून डोळे मिटले. आम्ही खाडीच्या तोंडाशी, बोटी जायच्या वाटेच्या कडेलाच होतो. मी मागे तोंड करून कोळंबी गळाला लावत होतो. तेवढ्यात मागून मोठा भोंगा वाजला.

वर पाहिलं तर एक भाड्याची स्पीडबोट, वर कोणीतरी हौशी पोरं, नाक आभाळात आणि सरळ आमच्यावर. दुसरा भोंगा वाजला. असा भोंगा की मेलेला माणूस उठून बाजूला होईल. नाखवा हलला नाही. मी ओरडलो, "नाखवा, मागे बघा." तो हलला नाही. पुढे पाहिलं तर मरीनाचे ते तिघे साहेब स्पीडबोटीकडे डोळे फाडून बघत होते, चेहरे पांढरेफटक, आमच्या कारखान्यातल्या अकराव्या छटेचे. पण तोंडातून ब्र नाही. बोलायचं नाही असं सांगितलं होतं ना? जन्मभर पहिल्या बाकावर बसलेली माणसं ती. तिघांनी हात वर केले होते. बाईंना विचारायला करतात तसे. बँकवाल्यानं तर दोन बोटंसुद्धा.

मी हाताला लागलं ते फेकलं. बर्फाच्या पेटीतला दीड किलोचा करकरा होता. तुम्हांला म्हणून सांगतो, नाखव्याच्या मापानं पाऊण. तो त्याच्या पाठीत बसला. नाखवा वळला, एका नजरेत सगळं पाहिलं, वल्हं टाकलं आणि इंजिनाला असा झटका दिला की आम्ही पाचही जण एकमेकांच्या मांडीवर गेलो. स्पीडबोट हातभर अंतरावरून गेली. तिच्या लाटेनं तो स्क्रीन, पेटीसकट, लाइव्ह डेटा बघायला खाली गेला.

किनाऱ्यावर येईपर्यंत कोणी बोललं नाही. नियम म्हणून नव्हे. उतरल्यावर इन्शुरन्सवाला मला हळूच म्हणाला, "सर, आम्ही बोलायला हवं होतं का?"

ते गेल्यावर आम्ही दोघं धक्क्यावर करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा घेऊन बसलो. मी रागात होतो. पाठीमागून बोललो तर ऐकायचं नाही, हा कसला माज, चार माणसं मेली असती, असं बरंच बोललो. तो माझ्या तोंडाकडे एकटक बघत होता. बोलून झालं तेव्हा त्यानं चहाचा कागदी कप खाली ठेवला.

"जरा सावकाश बोल. तुझी मिशी वाढलीय परत. अर्धं कळलं नाय."

मला समजायला तेवढं पुरलं. नियम एकेक करून डोळ्यांपुढून गेले. समोर या. फडका काढा. मिशीवाले मागे. आम्ही तीन पक्ष करून भांडलो, आणि हा बापडा नुसता आमचे ओठ वाचत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पार गेल्याला बारा वर्सं होतील. तरणा होतो तवा बोटीखाली कालवं खरवडताना कानातून रगत आलेलं दोनदा. पडदे फाटले. मंग हळूहळू. आता भोंगा वाजतो तो छातीत वाजतो, कानात नाय. आज छातीतबी वाजला नाय. वल्ह्यात करकरा होता."

"आणि लोकांना गप्प कशाला बसवता? तुम्हांला तर ऐकूच येत नाही."

"लोक मधी मधी मना इचारतात. मी उत्तर नाय दिलं तर त्यांना कळंल." मग म्हणाला, "पाठी सारखा बघत असतो मी. बारा वर्सांत आज पयल्यांदा चुकलो. एकदा पुरं हाय. आता गिऱ्हाईक नाय घ्यायचं."

त्याचं लायसन तीन आठवड्यांनी संपत होतं. ते नवं करायला मेडिकल लागतं, आणि मेडिकलमध्ये कानाची तपासणी. मागच्या खेपेला मीच दुभाष्या म्हणून गेलो होतो. तेव्हा तो मला म्हणाला होता, "शेजारी उभा ऱ्हा, नि बीप आली की पायावर पाय दे. मना इंग्रजी बीप कळत नाय." मी भोळेपणानं दिला होता, एकूण चौदा वेळा. या वर्षी तपासणी काचेच्या बंद खोलीत, आत एकटा माणूस. अरबाबनं निरोप पाठवलाच होता: लायसन नाही तर बोट नाही, खलास. बोट नाही तर व्हिसा नाही. नाखवा साठीला टेकला होता. घरी परत जायला त्याची ना नव्हती, पण जायचं ते आपल्या पायांनी, काढून टाकला म्हणून नव्हे. हे तो न बोलता मला कळत होतं. आणि मला खोटं सांगून मदत मागणं आता त्याला जमत नव्हतं, आणि मला करणं.

त्यानं सांगितलं, सगळी बुकिंग कॅन्सल कर. मी सगळी केली. एक सोडून. एका बाईंचा मेल होता: अल ऐनहून येतोय, मी, मिस्टर आणि नऊ वर्षांची मुलगी. खाली सहीत हुद्दा होता, कान-नाक-घसा. मी मूळचा धूर्त माणूस आहे असं माझी बायको म्हणते. मी त्याला दूरदृष्टी म्हणतो. नाखव्याला मी एवढंच सांगितलं की एक पुण्याची फॅमिली रात्रीच अल ऐनहून निघालीय, फोन लागत नाही. दर्यावर आलेला पाहुणा धक्क्यावरून परत पाठवायचा का?

तो माझ्या ओठांकडे बराच वेळ बघत राहिला. ओठांवर खोटं वाचता येतं की नाही, मला अजून माहीत नाही. शेवटी म्हणाला, "खाडीच्या आतच ऱ्हायचं. वाटेवर जायचं नाय. नि तू पाठी तोंड करून बसायचं, गळ नाय धरायचा."

मी सबंध सकाळ आरशासारखा मागे बघत बसलो. मान धरली ती एप्रिलपर्यंत. डॉक्टरबाई शांत, हसतमुख. त्यांचे मिस्टर बोटीत चढताना "पर हेड थ्री फिफ्टी, म्हणजे तिघांचे चोवीस हजार रुपये" म्हणाले आणि मग खुशीत होते. नाखव्यानं वल्हं काढलं, पाण्यात सोडलं, दातांत धरलं.

मुलगी म्हणाली, "Mumma, he's biting the boat."

"बोट नाही बाळा, वल्हं." डॉक्टरबाई हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. नाखव्यानं उजवीकडे बोट दाखवलं, गळ गेले, करकरे आले, मिस्टर आनंदानं वेडे झाले. बाई माशांकडे बघतच नव्हत्या. त्या गळ्यातला फडका नाकापर्यंत ओढून नाखव्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "काका, तुमच्या शर्टाला आग लागलीय."

नाखवा माशाच्या तोंडातला गळ सोडवत राहिला.

बाई मग समोर आल्या. चेहऱ्यावरचा फडका, कोणी न सांगता, खाली केला. "काका, वल्हं मला द्याल?"

आजाच्या वल्ह्याला तो कोणाला हात लावू देत नसे. मी दोन वर्षांत फक्त वास घेतला होता त्याचा. पण बाईंच्या बोलण्यात काहीतरी होतं, त्यानं दिलं. बाईंनी टोक रुमालानं पुसलं, पुण्याच्या असल्यामुळे दोनदा पुसलं, आणि चक्क दातांत धरलं. डोळे मिटले. मुलगी म्हणाली, "Oh my God." डोळे उघडले तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्यासारखं तेज होतं.

"ऐकू येतंय," त्या म्हणाल्या. "खरंच कुरकुरतात." मग एकेक शब्द सुटा करून, ओठ नीट दाखवत म्हणाल्या, "काका, तुमचा कान बिघडलाय. पण कानाच्या आतली ऐकायची नस ठणठणीत आहे. नाहीतर वल्ह्यातून एवढंसं काही आलंच नसतं. दातातून हाडात, हाडातून नसेत. दरवाजा मोडलाय, पण घरात माणूस आहे. तुम्ही इतकी वर्षं खिडकीतून ऐकताय."

नाखव्याला किती कळलं कोण जाणे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी, मागे बघायचं सोडून, मान हलवली.

"मंग?" तो म्हणाला.

"मग मंगळवारी अल ऐनला या."

अल ऐन सुंदर शहर आहे. झाडं, सावल्या, रुंद रस्ते. नाखव्याला मात्र जिथं समुद्र नाही अशा ठिकाणी दवाखाना काढणं म्हणजे फसवणूक वाटत होती. दीड तासाच्या रस्त्यात त्यानं माझ्या गाडीचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "किनारा गेला कधीचा," दर दहा मिनिटांनी म्हणायचा, "तू रस्ता चुकलायस."

दवाखान्यात बाईंनी त्याच्या कानामागच्या हाडावर एक लहानशी डबी टेकवली आणि बटण दाबलं. नाखवा खुर्चीत ताठ झाला.

"करकरा," तो म्हणाला.

"नाही काका, बीप आहे."

"लहान हाय. पोरगं हाय."

पाच दिवसांनी मशीन आलं. डोक्यावरून जाणारा एक बारीक पट्टा आणि कानामागे काडेपेटीएवढी डबी. बाईंनी सुरू केलं तेव्हा खोलीत एसी चालू होता, बाहेर कोणाचा फोन वाजत होता, मी नाक ओढत होतो. नाखव्यानं आधी एसीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे.

"सर्दी झालीय तुला?" तो ओरडला.

आणि ओरडून स्वतःच दचकला. तोंडावर हात ठेवला. थोड्या वेळानं हात काढून, नव्या चपला घालून चालावं तसं जपून म्हणाला, "मी एवढ्यानं बोलतो?"

"हो."

"कवापास्नं?"

"मी ओळखतो तेव्हापासून."

"नि कोण बोललं नाय मना?"

"बोललो की, नाखवा. पाठीमागून."

तो हसला नाही. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर खजुराच्या झाडावर दोन साळुंक्या भांडत होत्या. ते भांडण त्यानं सबंध ऐकलं, निकाल लागेपर्यंत. डॉक्टरबाई टेबलावरचे कागद उगाचच सरळ करत होत्या.

परत येताना त्यानं डॅशबोर्ड धरला नाही. माझी गाडी मात्र तपासली. "उजव्या चाकात काय तरी घासतंय." घासत होतं. बोटीवर गेल्यावर इंजिन सुरू केलं आणि लगेच बंद केलं. "हे रडतंय. एवढी वर्सं हे असं रडत होतं?" त्या दिवशी त्यानं दोन्ही इंजिनं उघडून संध्याकाळपर्यंत साफ केली, आणि मधूनमधून त्यांच्याशी काहीतरी बोलत होता. काय ते कळलं नाही, कारण आता तो इतक्या हळू बोलायचा की मला पुढे वाकावं लागायचं.

मेडिकलच्या दिवशी मी काचेबाहेर होतो. मशीन लावून तपासणी चालते, तसं कागदावर लिहितात, आणि बाईंनी तसं पत्र दिलंच होतं. आत नाखवा एकटा, समोर एक बटण. बीप ऐकू आली की दाबायचं. मी त्याचा अंगठा बघत होतो. माझा पाय मात्र जुन्या सवयीनं आपोआप खाली आपटत होता. शेजारच्या पाकिस्तानी ड्रायव्हरनं विचारलं, भाईसाब, गाना चल रहा है क्या? अंगठा हलला. पुन्हा हलला. एकदा बराच वेळ हललाच नाही आणि मी काचेला नाक लावलं. पण बाहेर यंत्रावर बसलेला तपासनीस मान डोलावत होता, म्हणजे तेव्हा बीप नव्हतीच. नाखवा नसलेल्या बीपला फसला नाही. माशाच्या बाबतीतही तो कधी फसला नव्हता.

कागदावर शिक्का बसला. पुढची मुदत, मशीनची नोंद, सही. आम्ही बाहेर बाकावर बसलो. उन्हं कोवळी होती, फेब्रुवारी संपत आलेला, समोर रस्ता ओलांडून समुद्राची एक निळी पट्टी दिसत होती. त्यानं कागद चारदा वाचला. मग म्हणाला, "घरवालीला सांगतो." आजवर तो फोनवर ओरडून आपलं तेवढं सांगायचा आणि ठेवून द्यायचा. त्याचा मोबाइल बोटीवरच राहिला होता, म्हणून मी माझा दिला. नंबर त्याला तोंडपाठ होता. मी स्पीकर लावून फोन त्याच्या डबीजवळ धरला.

तिकडे रत्नागिरीच्या खाडीत रिंग वाजली. त्याच्या बायकोनं उचलला.

"अस्सलामु अलैकुम," नाखवा म्हणाला. असा मऊ, असा खालच्या पट्टीतला आवाज मी त्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

"वालेकुम सलाम."

तिचा आवाज त्याला आला होता, जसा असतो तसा. त्यानं डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि आणखी हळू म्हणाला, "पास झालो मी. लायसन भेटलं. आता तू बोल, मना समदं आयकू येतंय. किती वर्सांनी तुझा आवाज आयकतोय."

तिकडून बायको कोरडेपणानं म्हणाली, "आमचे घरवाले हितं नसतात. दुबईला असतात."